मराठी, कन्नड, इंग्रजी एकाच कॉम्प्युटरवर: सीमाभागातल्या ऑफिसांसाठी वर्ड, एक्सेल आणि ईमेलची दुरुस्ती

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात पतसंस्थेत, शाळेत, वाचनालयात, दूध डेअरीत किंवा झेरॉक्सच्या दुकानात तुम्ही नुकतेच कॉम्प्युटरवर बसला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आपल्याकडे संस्थेचा ठराव मराठीत लिहिला जातो, तालुका पंचायतीचं पत्र कन्नडमध्ये येतं आणि बँकेचा फॉर्म इंग्रजीत भरायचा असतो. तिन्ही कामं त्याच एका मशीनवर. इंटरनेटवर मिळणारी बहुतेक माहिती एका भाषेत काम करणाऱ्यांसाठी लिहिलेली असते, त्यामुळे आपली अडचण तिच्यात सापडतच नाही.

मी शहापुरातल्या एका पतसंस्थेत हे काम करतो आणि आसपासच्या शाळांनाही मदत करतो. ‘कॉम्प्युटर बिघडला’ म्हणून जी तक्रार येते, तिच्यात मशीनचा दोष क्वचितच निघतो. बहुतेक वेळा फाँट वेगळा असतो, मेलची जागा भरलेली असते, किंवा खातं भलत्याच माणसाच्या मोबाईल नंबरावर उघडलेलं असतं. यातली बरीच दुरुस्ती तुम्हाला स्वतःला करता येते.

हाताशी काय ठेवायचं

- संस्थेचा ईमेल आयडी आणि तो ज्या मोबाईल नंबराला जोडला आहे तो नंबर, एका कागदावर (पासवर्ड या कागदावर नको)
- विंडोज आणि ऑफिस (वर्ड-एक्सेलचा संच) कोणत्या सालचं आहे याची नोंद, आणि लायसन्स विकत घेतलं असेल तर त्याची पावती
- जुन्या फाँटच्या फाईलींचं एक फोल्डर, पेन ड्राइव्हवर
- एक रिकामा पेन ड्राइव्ह, फक्त बॅकअपसाठी
- पडद्यावर आलेल्या एररचा मोबाईलवर काढलेला फोटो. ‘काहीतरी इंग्रजीत आलं होतं’ एवढ्यावरून कुणालाच मदत करता येत नाही.

१. आधी बिघाड कुठे आहे ते ठरवा

तीच फाईल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा आणि त्याच मशीनवर दुसरी फाईल उघडून बघा. एकच फाईल सगळीकडे अडत असेल तर दोष फाईलचा. एकाच मशीनवर सगळ्या फाईली अडत असतील तर दोष सॉफ्टवेअरचा. मेलच्या बाबतीत आधी ब्राउझरमध्ये जीमेल उघडा. तिथे मेल दिसतो आणि आउटलुकमध्ये (मायक्रोसॉफ्टचा मेलचा प्रोग्राम) दिसत नाही, म्हणजे खातं ठीक आहे, अडचण आउटलुकची आहे. हे ठरवल्याशिवाय काहीही अनइन्स्टॉल करू नका.

२. मराठी किंवा कन्नडच्या जागी अगम्य अक्षरं दिसतात

आपल्या भागातली सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच, म्हणून इथे जरा थांबू.

जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मराठी अक्षर फक्त दिसायला मराठी असतं. कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाईलमध्ये इंग्रजी ‘डी’ साठवलेला असतो. तो फाँट ज्या मशीनवर नाही तिथे तो ‘डी’ उघडा पडतो आणि सगळं पान इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन बसतं. लग्नपत्रिका आणि अहवाल छापणाऱ्या प्रेसमधून येणाऱ्या श्रीलिपीच्या फाईलींचंही असंच. कन्नड गणक परिषदेनं तयार केलेलं ‘नुडी’ हे सॉफ्टवेअर कर्नाटकातल्या सरकारी कचेऱ्यांत रुळलेलं आहे. त्याच्या जुन्या फाँटमध्ये टाईप केलेलं पंचायतीचं पत्र आपल्या मशीनवर उघडलं की तिथेही हाच प्रकार होतो.

ओळखायचं कसं? त्या मजकुरावर एकदा क्लिक करा आणि वर फाँटच्या चौकटीत कोणतं नाव येतं ते वाचा. फाँट तुमच्याकडे नसला तरी वर्ड त्याचं नाव दाखवतं. ‘नुडी’, ‘कृतिदेव’, ‘श्री’, ‘शिवाजी’ असं काही दिसलं की कोडं सुटलं. दुसरी खूण: थोडा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथेही मराठी वाचता आलं तर फाईल युनिकोडमध्ये आहे, म्हणजे ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत. इंग्रजी अक्षरं आली तर जुना फाँट.

मग करायचं ते असं:

- फक्त वाचायचं असेल तर पाठवणाऱ्याला फोन करून तेच पत्र पीडीएफ करून मागा. पीडीएफमध्ये फाँट सहसा सोबतच येतो. यात कमीपणा मानू नका, समोरच्या कचेरीतल्या ऑपरेटरलाही हा त्रास माहीत असतो.
- त्यात दुरुस्ती करायची असेल तर तो फाँट बसवून घ्या. फाँटची फाईल उजव्या क्लिकनं इन्स्टॉल करा, वर्ड पूर्ण बंद करा आणि पुन्हा उघडा.
- तो मजकूर पुढे नेहमी लागणार असेल तर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये करून घ्या. कृतिदेव, श्रीलिपी, नुडी यांचे कन्व्हर्टर वेगवेगळे असतात, एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

इथे एक सापळा आहे. अगम्य अक्षरं दिसली की काही जण सगळा मजकूर निवडून फाँट ‘मंगल’ करतात. त्यानं काहीच सुधारत नाही, कारण आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच राहतात. वर मूळ फाँटचं नाव पुसलं जातं, आणि मग कोणता कन्व्हर्टर लावायचा तेही कळत नाही. मूळ फाईल आहे तशी ठेवा, काम तिच्या नकलेवर करा.

कन्व्हर्टरमधून निघालेला मजकूर डोळ्यांत तेल घालून वाचा. पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडेतिकडे होतात. ठरावातल्या सभासदाच्या नावात एक वेलांटी सरकली तरी पुढे कर्जाच्या कागदावर प्रश्न उभा राहतो.

३. नवं टायपिंग युनिकोडमध्येच सुरू करा

जुन्या फाईलींसाठी जुने फाँट ठेवा, पण आजपासून नवीन एकही कागद त्यांत टाईप करू नका. ज्या संस्थांनी हे ठरवलं त्यांच्या वर सांगितलेल्या अडचणी वर्षभरात निम्म्यावर आलेल्या मी पाहिल्या आहेत.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ उघडा आणि भाषांमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही जोडा. इंग्रजीच्या उच्चारावरून टाईप करायचा फोनेटिक कीबोर्ड विंडोज १० मध्ये २०१९ पासून आलेला आहे, मराठीसाठी आणि कन्नडसाठीही. म्हणजे वेगळं सॉफ्टवेअर लागतच नाही. गुगलनं विंडोजवर बसवायचं आपलं इनपुट टूल द्यायचं कधीच बंद केलं आहे. त्याच नावानं तिसऱ्याच साईटवरून मिळणारी फाईल ऑफिसच्या मशीनवर घेऊ नका.

भाषा बदलायला विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबा. खाली उजव्या कोपऱ्यात कोणती भाषा चालू आहे ते दिसतं. ती नजर टाकायची सवय लावून घ्या, कारण ‘पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही’ या तक्रारीत अनेकदा कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो.

टायपिंगचा कोर्स करून आलेल्यांना पहिले काही दिवस एक गोष्ट नडते. टाईपरायटरच्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी मारतात आणि मग अक्षर. युनिकोडमध्ये उलट आहे: आधी ‘क’, मग वेलांटी. वेलांटी आधी मारली की ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटतं. ते वर्तुळ म्हणजे बिघाड नाही, क्रम चुकल्याची खूण आहे.

इन्स्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांसाठीची सरकारी प्रमाण मांडणी) वापरत असाल तर ‘दुसऱ्या’मधला अर्धा र असा काढा: शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग तिरक्या रेघेचं (/) बटण. ‘ळ’ साठी शिफ्ट धरून ‘एन’. एवढी दोन अक्षरं बोटांत बसली की मराठीचं निम्मं अडखळणं थांबतं.

लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी चालणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर टूल्स, मग ऑप्शन्स, मग भाषांच्या विभागात जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर खूण करा. देवनागरी आणि कन्नडचा फाँट त्यात इंग्रजीहून वेगळा निवडावा लागतो. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि लहान संस्थेला पुरेसं आहे. असेंबल केलेल्या मशीनवर दुकानदारानं ‘टाकून दिलेलं’ बिनलायसन्सचं ऑफिस वापरण्यापेक्षा हे केव्हाही बरं. ऑफिस २०१६ आणि २०१९ ची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, विंडोज १० ची मुदतही त्याच दिवशी संपली. सभासदांचे आधार आणि खाते क्रमांक ज्या मशीनवर आहेत, ते तरी जुन्या आवृत्तीवर ठेवू नका.

४. वर्ड अडकतं, किंवा लिहिता लिहिता लाईट जाते

पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वर्डमध्ये फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जा. ऑटोरिकव्हरची, म्हणजे आपोआप नक्कल ठेवण्याची, वेळ मुळात १० मिनिटं असते, ती २ करा. लाईट आल्यावर वर्ड उघडलं की डाव्या बाजूला वाचलेल्या फाईली दिसतात. एकदाही सेव्ह न केलेली फाईल असेल तर फाईल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट आणि तिथे ‘रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स’. ती मिळाली की सगळ्यात आधी नाव देऊन सेव्ह करा.

वर्ड उघडताच बंद पडत असेल तर कंट्रोलचं बटण दाबून धरा आणि तसंच वर्डच्या चिन्हावर क्लिक करा. सेफ मोडमध्ये सुरू करू का, असं ते विचारेल. तसं नीट चाललं तर दोष एखाद्या जोडणीचा म्हणजे ॲड-इनचा आहे. ऑप्शन्समधल्या ॲड-इन्समध्ये जाऊन एकेक बंद करून बघा. तरीही अडलं तर सेटिंग्जमधल्या ॲप्समध्ये ऑफिस निवडून ‘मॉडिफाय’ करा. आधी क्विक रिपेअर, त्यानं भागलं नाही तर ऑनलाइन रिपेअर. दुसऱ्याला नेट लागतं आणि वेळही लागतो, ते ऑफिस सुटल्यावर लावा.

मेलवरून आलेल्या फाईलवर पिवळी पट्टी येते ती बिघाड नव्हे. पाठवणारा ओळखीचा असेल आणि फाईल अपेक्षित असेल तरच ‘एनेबल एडिटिंग’ दाबा. मॅक्रो (फाईलच्या आत दडलेला छोटा प्रोग्राम) अडवल्याची लाल पट्टी आली तर ती अडवलेलीच राहू द्या.

५. एक्सेल आकडे बदलून टाकतं

पतसंस्थेत आणि शाळेत खरं नुकसान इथे होतं, कारण ते लगेच दिसत नाही.

एक्सेल १५ आकड्यांपर्यंतचीच संख्या अचूक ठेवतं. १६ आकडी खाते क्रमांक साध्या खान्यात टाईप केला की शेवटचा आकडा शून्य होतो, आणि फाईल सेव्ह झाल्यावर तो परत मिळत नाही. १२ आकडी आधार क्रमांक मध्येच टिंब आणि ‘ई’ असा आखडून दिसतो, मात्र तो आत शाबूत असतो. सुरुवातीचं शून्य तर सरळ उडतं: बेळगावचा ०८३१ हा कोड ८३१ होऊन बसतो.

उपाय टाईप करण्याआधीचा आहे. आख्खा रकाना निवडा, उजवं क्लिक, फॉरमॅट सेल्स, टेक्स्ट, आणि त्यानंतरच आकडे भरा. एखाद-दुसराच आकडा असेल तर त्याच्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाका. भरून झाल्यावर रकाना टेक्स्ट करून गेलेले आकडे परत येत नाहीत, मूळ कागदावरूनच पुन्हा भरावे लागतात.

पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी) थेट डबल क्लिक करून उघडू नका. मराठी-कन्नड नावांच्या जागी टोपीवाली ‘ए’ अक्षरं येतात आणि खाते क्रमांकही बिघडतात. रिकामी एक्सेल उघडा, डेटा टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, फाईल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड निवडा आणि डेटा टाइप ओळखण्याच्या खान्यात ‘डू नॉट डिटेक्ट’ करा. मग नावंही शाबूत आणि शून्यंही. पोर्टलवर परत चढवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात सेव्ह करा.

तारखांकडेही लक्ष द्या. मशीनचा प्रदेश अमेरिका असेल तर १२-०८ ही १२ ऑगस्ट न राहता ८ डिसेंबर होते. विंडोजच्या रीजनमध्ये इंग्लिश (इंडिया) असल्याची खात्री करा.

याद्या जुळवताना आपल्याकडे आणखी एक अडचण येते. बेळगाव शहराचं इंग्रजी नाव २०१४ च्या नोव्हेंबरात बदललं, त्यामुळे जुन्या यादीत एक स्पेलिंग, नव्या यादीत दुसरं आणि मराठी यादीत ‘बेळगाव’ असं तिहेरी असतं. फिल्टर लावला की एकाच गल्लीतली माणसं तीन गटांत विभागली जातात. पत्त्याची वर्गवारी गावाच्या नावावर न करता पिनकोडवर करा. नावांचंही तसंच. ‘कुऱ्हाडे’मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाईप होतो, दिसायला सारखाच दिसतो, पण एक्सेलच्या लेखी ती दोन वेगळी नावं असतात आणि व्हीलुकअप हे यादीत जुळणी शोधणारं सूत्र रिकाम्या हातानं परततं. याद्या सभासद क्रमांकावरच जुळवा.

६. मेल येत नाही, जात नाही

जीमेलला १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांची मिळून असते. जागा भरली की मेल येणंही थांबतं. अनेक संस्थांत कुणाच्या तरी फोनवर संस्थेचंच खातं चालू असतं, आणि त्या फोनचे फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच १५ जीबीत जाऊन बसतो. आधी ते बंद करा. मग जीमेलच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला फिल्टरचं चिन्ह आहे, तिथे आकार १० एमबीपेक्षा जास्त असं भरून शोधा. नको ते मेल काढा आणि ट्रॅशही रिकामा करा. ट्रॅशमधलं ३० दिवस राहतं आणि तोवर जागा धरून ठेवतं.

जोडलेल्या फाईलींची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठी फाईल जीमेल ड्राइव्हच्या लिंकनं पाठवतं, आणि ती उघडायची परवानगी द्यायला आपण विसरतो. स्कॅन करताना रंगीत ऐवजी कृष्णधवल आणि २०० डीपीआय ठेवलं तर बहुतेक कागदपत्रं मर्यादेत बसतात.

वार्षिक सभेची नोटीस सगळ्या सभासदांना पाठवायची असेल तर पत्ते ‘बीसीसी’मध्ये घाला, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० पत्त्यांपर्यंतच पाठवता येतं, तेव्हा गट पाडा आणि नोटिशीची मुदत धरून दोन-तीन दिवस आधी सुरुवात करा.

७. आउटलुक पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतं

पासवर्ड बरोबर असूनही हे होतं. नुसता नाव-पासवर्ड घेणाऱ्या जुन्या प्रोग्रामना गुगलनं २०२२ पासून बंदी घातली. नव्या आउटलुकमध्ये खातं काढून पुन्हा जोडा, गुगलचं स्वतःचं पान उघडेल, तिथे साइन इन करा. आउटलुक जुनं असेल तर गुगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड तयार करा आणि तो आउटलुकमध्ये भरा. खातं जोडताना ‘आयमॅप’ निवडा. ‘पॉप’ निवडलं तर मेल एका मशीनवर उतरतो आणि अध्यक्षांच्या फोनवर दिसेनासा होतो.

मेल आउटबॉक्समध्येच पडून राहत असेल तर सेंड/रिसीव्ह टॅबमध्ये ‘वर्क ऑफलाइन’ चुकून दाबलेलं नाही ना ते बघा. नसेल तर तिथली मोठी फाईल काढा. विंडोजमधलं जुनं मेल ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालं, त्यात अडकून राहू नका.

८. खातं संस्थेच्या ताब्यात आणा

हे काम आजच करा. अनेक शाळांचे आणि मंडळांचे आयडी सायबरवाल्यानं स्वतःच्या नंबरावर काढून दिलेले असतात, किंवा सोडून गेलेल्या क्लार्कच्या. पासवर्ड विसरला की ओटीपी त्याच्याकडे जातो. आज लॉगिन चालू आहे तोवरच गुगल खात्याच्या सिक्युरिटी विभागात रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल बदला. शक्यतो संस्थेच्या नावाचं वेगळं सिम घ्या आणि ते रिचार्जवर ठेवा. टू-स्टेप चालू केल्यावर १० बॅकअप कोड मिळतात. ते छापून लिफाफ्यात घाला आणि तिजोरीत ठेवा. प्रत्येक कोड एकदाच चालतो, वापरलेल्यावर काट मारा.

वर्षातून एकदाच उघडला जाणारा आयडी असेल तर लक्षात ठेवा: दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल काढून टाकू शकतं.

९. माणूस बोलवायचाच झाला तर

एररचा फोटो, फाईलची नक्कल आणि तुम्ही काय काय करून पाहिलंत त्याची नोंद तयार ठेवा, त्याचा अर्धा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही. ‘फॉरमॅट मारावं लागेल’ असं तो म्हणाला तर आधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फाँटचं फोल्डर आणि आउटलुकची डेटा फाईल पेन ड्राइव्हवर घेतल्याचं त्याला उघडून दाखवायला सांगा. तो फोनवरून मशीन बघणार असेल तर काम चालू असेपर्यंत समोर बसून राहा, बँकेचं पान बंद ठेवा आणि ओटीपी कुणालाही वाचून दाखवू नका. काम झाल्यावर दुरून बघायचं ते ॲप काढून टाका आणि मेलचा पासवर्ड बदला.